झाडतोड आणि छाटणीची हत्यारं: चेनसॉ घ्यायच्या आधी काय घ्यावं?

सागरगोटा
राम राम मंडळी. केळापूर तालुक्यातून लिहितोय. यंदा वैशाखातल्या वादळानं आमच्याकडं धुऱ्यांवरची, म्हणजे बांधांवरची, बरीच झाडं आडवी केली. बाभळी, कडुनिंब, एकदोन जुने साग. गावात तोडणारी टोळी एकच, तीही कुऱ्हाडी-करवतीवाली, आणि पेरणी तोंडावर आली की सगळं गाव तिच्या मागं. म्हणून आम्ही चौघांनी मिळून चेनसॉ घ्यायचं ठरवलंय. आपल्या वावरातलं काम होईलच, वर पंचक्रोशीत भाड्यानंही जाता येईल. पडलेल्या झाडांचे तुकडे करणं, घरावर आलेल्या फांद्या उतरवणं, असली कामं.

चाळीस हजारांपर्यंत जमतात. ऑनलाइन ५८ सीसीचं मशीन सात-आठ हजारांत दिसतंय आणि दुकानात नावाजलेल्या कंपनीचं, त्याहून कमी सीसीचं, चौपट किमतीला. एवढा फरक कशाचा? आणि मशीनशिवाय अजून काय काय लागतं?

वर्धेचा_पोट्टा
काऊन चौपट पैसे घालता बाप्पा? माह्या मामेभावानं ते सात हजारवालंच घेतलं. दोन उन्हाळे झाले, धडाधड कापते. बिघडलं तर नवीन घ्या, तरी स्वस्तच पडते.

कानसवाला
चंद्रपूरकडच्या मूल गावाजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे. फवारणी पंप, ब्रशकटर, चेनसॉ दुरुस्त करतो. दोन्ही जातींची मशिनं टेबलावर उघडी पडलेली असतात, म्हणून लिहितो.

स्वस्त मशीन कापत नाही असं मी म्हणणार नाही. चेन धारदार असेल तर कोणतंही मशीन कापतं. फरक आहे तो थांबण्यात. पुढच्या हँडलसमोर काळा पंजा असतो ना, तो नुसता हाताला आडोसा म्हणून नसतो, तो चेन ब्रेक आहे. चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग चालू असताना लाकडाला टेकला, की मशीन क्षणात उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडं, खांद्याकडं येतं. त्यावेळी पंजा मनगटाला लागून किंवा झटक्यानं आपोआप पुढं पडतो आणि आतला पट्टा चेन जागच्या जागी आवळतो. हा ब्रेक १९७० च्या दशकात मशिनांवर आला, त्याआधीच्या लोकांनी काय काय भोगलं असेल ते असेल. माझ्याकडं येणाऱ्या स्वस्त मशिनांत निम्म्यांचा पंजा एकतर तुटलेला, नाहीतर भुश्श्यानं जाम. मालकाला पत्ता नसतो, कारण त्यावाचून मशीन मस्त चालतं.

दुसरं, थरथर. चांगल्या मशीनला हँडल आणि इंजिनाच्या मधे स्प्रिंगा नाहीतर रबर असतं. ते नसलं की दिवसभराच्या कामानंतर बोटं बधिर होतात, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं की ती बधिरता कायमची बसते, थंडीत बोटं पांढरी पडतात.

पण तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर वेगळंच आहे. लोक आधी मशीन घेतात, मग उरलेल्या पैशात बाकीचं बसवतात, आणि उरत काहीच नाही. उलटं करा. हेल्मेट, पायाचं गार्ड, दोन जादा चेनी, कानशी, पाचरी, दोर हे आधी लिहून काढा. त्यातून उरेल त्यात ब्रेक चालणारं मशीन घ्या, मग ते ४५ सीसीचं असलं तरी चालेल. बाभळीला आणि निंबाला ५८ सीसी लागत नाही.

सागरगोटा
धन्यवाद दादा. कानशी कशाला पण? चेन बोथट झाली की तालुक्याला पाठवून घासून आणू.

कानसवाला
दिवसातून तीनदा पाठवाल का? :) चेनची धार पेट्रोलच्या एका टाकीपुरती असते असं समजा. टाकी रिकामी झाली, मशीन थंड व्हायला ठेवलं, की बसून कानस मारायची.

बोथट ओळखायची खूण भुश्श्यात आहे. दात धारदार असला की लाकडाच्या चिपट्या पडतात, बारीक, चौकोनी, हातात घेतल्या तर जाणवतात. बोथट झाला की पिठासारखा भुस्सा उडतो. मग माणूस मशीन दाबायला लागतो, पट्टी तापते, धूर येतो, काप वाकडा जातो. आणि दाबलेलं मशीन आरपार निघालं की थेट मांडीवर. माझ्याकडं अपघातानंतर आलेल्या मशिनांच्या चेनी बघितल्या तर बहुतेक बोथटच असतात.

आता कानस. गोल कानस चेनच्या मापाची हवी. माप पट्टीच्या बुडाशी कोरलेलं असतं. ०.३२५ इंच पिच (चेनच्या कड्यांचं माप) असेल तर ४.८ मिलिमीटरची, लहान मशीनवरची लो प्रोफाइल ३/८ असेल तर ४ मिलिमीटरची. पट्टी शिकंज्यात धरा, शिकंजा नसेल तर ओंडक्यात खाच पाडून तीत बसवा. हातमोजे घालूनच. दात्याला ३० अंशाच्या तिरपीत, आतून बाहेर, फक्त पुढं ढकलताना दाब. मागं ओढताना उचलून घ्यायची, घासत आणली की कानसच मरते. एका बाजूचे सगळे दात झाले की दुसऱ्या बाजूला बसायचं, आणि प्रत्येक दात्याला सारखेच हात मारायचे. एका दात्याला तीन आणि दुसऱ्याला सहा दिले की चेन एका अंगाला ओढते. दात्याच्या पुढं एक बुटका कंगोरा असतो, त्याला आम्ही गेज म्हणतो. दात किती खोल शिरणार ते तो ठरवतो. चारपाच वेळा धार लावली की तो चपट्या कानशीनं किंचित उतरवायचा. दात्यापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली. "जास्त उतरवला तर जास्त कापेल" म्हणणारे खूप येतात. जास्त कापत नाही, जास्त उसळतं.

या दात्याची एक गंमत आहे. सुरुवातीच्या चेनींचे दात हातकरवतीसारखे सरळ असत, लाकूड खरवडत. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका बुंध्यात लाकूड खाणारी अळी बघत बसला. आपल्या आंब्याच्या खोडात शिरतो त्या भिरुडाच्याच कुळातली. ती अळी जबडा डावीउजवीकडं फिरवत उभ्या-आडव्या दोन्ही रेषांतून सहज पुढं जात होती. त्या जबड्याच्या बाकावरून त्यानं दात बनवला आणि १९४७ मध्ये ती चेन बाजारात आणली. आज आपण घासतो तो वाकडा दात त्याच घराण्यातला.

वर्धेचा_पोट्टा
अळीनं शिकवलं म्हणा की मानसाले! आमी तर अळी दिसली का फवारतो.

झाडीतला_म्हातारा
सगळं वाचलं. नातवानं धागा दाखवला, त्याच्याच मोबाइलवरून लिहितो जी.

माझी उमर कुपात, म्हणजे जंगलतोडीच्या पट्ट्यात, गेली. जंगल कामगार सोसायटीचे सभासद होतो आम्ही, एटापल्ली-आलापल्लीकडं. आमच्या वेळी चेनसॉ नव्हता, कुऱ्हाड आणि दोन मानसाचा आरा. आऱ्याचा कायदा एकच, ओढायचं, ढकलायचं नाही. समोरचा ओढतो तेव्हा तुम्ही हात ढिला सोडायचा. नवा गडी आला की तो ढकलायचा, आरा वाकायचा, आणि जोडीदार शिव्या द्यायचा. आरा अडकू नये म्हणून दात एक डावीकडं, एक उजवीकडं फाकवलेले. ओल्या लाकडाले जास्त, सुक्या सागाले कमी.

कुऱ्हाडीचं पातं लोहार देतो, पण दांडा आपला आपण शोधायचा. धावडा किंवा तिवस. धावडा चिवट, झटका खातो. रेषा दांड्याच्या लांबीतून सरळ गेली पाहिजे, मधे गाठ नको. तोडून सावलीत वाळवायचा, उन्हात ठेवला का तडकते. मुठीकडं थोडा फुगीर, म्हणजे घामानं हात सटकला तरी दांडा सुटत नाही. वरून पाचर ठोकायची. सकाळी कामावर जायच्या आधी पातं हलवून पाहायचं, हललं तर त्या दिवशी ती कुऱ्हाड घ्यायची नाही. ढिलं पातं उडून कोनाले लागलं तर त्याचा वालीच नाही.

सरकारी झाडाले बुडाशी हातोड्याची खूण असे. साहेब येऊन ठोकत. तोडताना ती खूण खुंटावर राहिली पाहिजे, नाही राहिली तर झाड चोरीचं. आणि सागाचा खुंट जमिनीसरशी, गुळगुळीत, साल न फाटता, थोडा उतरता, म्हणजे पानी थांबत नाही. तिथूनच नवे फुटवे येतात. हे काम धारेच्या कुऱ्हाडीनंच व्हायचं. मशीननं कापलेला खुंट मी पाहतो, एक बाजू उंच, एक नीच, साल लोंबते.

मोठे लठ्ठे ओढायले हत्ती होते. कमलापूरचे हत्ती आता लोक फोटो काढायले जातात, पण ते आले लाकूड ओढायच्या कामासाठीच. आलापल्लीच्या त्याच सागाचे ओंडके बल्लारशाच्या डेपोत जात. अयोध्येच्या मंदिराले इकडचा साग गेला तेव्हा (२०२३ साली) बल्लारपुरात शोभायात्रा निघाली. लाकडाची शोभायात्रा निघते, तोडणाऱ्याची नाही, हे आपलं बोलून गेलो.

रानवेडी
काका, साष्टांग नमस्कार. असंच लिहीत राहा.

सागरगोटा, हत्यारांच्या आधी एक कागदाचं हत्यार. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ मध्ये अनुसूचित झाडांची यादी आहे. साग, मोह, आंबा, चिंच, बिजा, तिवस, ऐन, हळदू, खैर, जांभूळ अशी. झाड तुमच्या स्वतःच्या वावरातलं असलं तरी तोडायच्या आधी परवानगी, आणि माल रस्त्यावर आणायचा तर वाहतूक परवाना. पडलेल्या सागालाही हात लावण्याआधी वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या. तुम्ही भाड्यानं जाणार, म्हणजे पकडले गेलात तर मालकाबरोबर तुमचं मशीनही जप्त. कामाला हो म्हणण्याआधी कागद दाखवा म्हणायची सवय लावा.

वर्धेचा_पोट्टा
कागदाचं बरोबर आहे. पण हेल्मेट, मांडीचं गार्ड हे मले पटत नाही. आमच्याकडं मे महिन्यात ४५-४६ डिग्री. त्यात हेल्मेट, कानावर डबे, जाड पँट. मानूस मशीननं नाही, उन्हानंच मरन.

संत्रावाली_मोर्शी
पोट्ट्या, उन्हाचं खरं आहे तुझं. आमच्या बागेत छाटणीचे मजूर पहाटे येतात, दहाला घरी. दुपारी कुणी लाकडाला हात लावत नाही.

माझा विषय थोडा वेगळा, बागेचा. संत्र्यावर चेनसॉ आणायचाच नाही. संत्र्याचा बहार घेऊन झाला की सल काढायची असते, म्हणजे आतल्या वाळक्या फांद्या. त्याला सिकेटर (छाटणीची कात्री) आणि वाकड्या पात्याची लहान आरी पुरते. ही आरी ओढताना कापते, म्हणून पातळ असूनही वाकत नाही. बोटाच्या जाडीपर्यंत सिकेटर, त्यापुढं आरी. सिकेटरचं धारेचं पातं झाडाकडं, बोथट जबडा तोडायच्या तुकड्याकडं. उलटं धरलं की राहणारं टोक चेमटतं आणि तिथूनच रोग शिरतो. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायचं. मजूर कंटाळतात, मी स्वतः बादली घेऊन मागं फिरते. जाड कापावर बोर्डो मलम: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, लोखंडाच्या घमेल्यात नाही, मोरचूद लोखंड खातं.

आणि कुऱ्हाडीनं फांदी तोडणारा माणूस बागेत घेऊ नका. सालीचा पट्टा खालपर्यंत सोलला जातो, झाड वर्षभर ते भरत बसतं.

दोरीवाला
मूळ भंडाऱ्याचा, नागपुरात झाडांवर चढून छाटणी करतो. उशिरा आलो धाग्यावर.

पोट्टे भाऊ, गार्डमध्ये काय असतं ते माहीत असतं तर तुम्ही असं लिहिलं नसतं. ती जाड पँट नसते. आत लांब धाग्यांचे थर असतात. चेन कापडाला लागली की ते धागे उपसले जाऊन दातेरी चक्रात गुंडाळतात आणि चेन अडकून बसते. म्हणजे मांडी वाचते ती कापड जाड आहे म्हणून नाही. पट्ट्यांचं, फक्त समोरून झाकणारं गार्ड घ्या, मागून उघडं असतं, हवा लागते. मशीन बंद केलं की काढून ठेवायला अर्धा मिनिट लागतो. आणि हेल्मेट चेनसाठी असतं असं लोकांना वाटतं. ते वरून पडणाऱ्या वाळक्या फांदीसाठी असतं. झाड हललं की वर अडकलेलं मोडकं लाकूड सुटतं, आणि मशीनच्या आवाजात ते ऐकू येत नाही.

सागरगोटा, तुमचं मुख्य काम वादळानं पडलेली झाडं. उभ्या झाडापेक्षा आडवं झाड जास्त फसवं, हे आधी डोक्यात घ्या. पडलेल्या खोडाला कुठंतरी ताण असतो, कुठंतरी दाब. खोड दोन टोकांवर टेकलेलं, मधे अधांतरी असेल तर वरच्या अंगाला दाब आणि खालच्या अंगाला ताण. आधी वरून थोडं, खोडाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, मग खालून वर. सरळ वरूनच कापत गेलात तर काप मिटतो आणि पट्टी आत चेंगरते. टोक अधांतरी असेल तर नेमकं उलट, आधी खालून. आडव्या वाकलेल्या फांदीच्या बाहेरच्या अंगाला उभं राहू नका, सुटली की फटकारते.

मुळासकट उपटलेलं झाड सगळ्यात वाईट. मुळांचा मातीसकट गड्डा उभा राहिलेला असतो आणि खाली खड्डा. खोड कापून वजन कमी झालं की तो गड्डा दाणकन परत खड्ड्यात बसतो, कधी उरलेलं खोडही उभं राहतं. त्या खड्ड्यात पोरं खेळतात, शेळ्या बसतात. कापायच्या आधी खड्ड्याजवळ एक माणूस उभा करा, त्याचं काम फक्त कुणाला येऊ न देणं. गड्डा दोरानं मागं बांधता आला तर उत्तम.

उभं झाड पाडायचं असेल तर पडायच्या बाजूला आधी खाच, बुंध्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी. मग मागून काप, खाचेच्या तळापेक्षा थोडा वर, आणि मधे जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी पट्टी न कापता सोडायची. तीच बिजागरी, झाड तिच्यावर वळतं. ती कापलीत की झाड कुठंही जाईल. मागच्या कापात पाचर ठोका, पण लोखंडी नको, चेन लागली तर दात जातात. प्लास्टिकची मिळते, नाहीतर बाभळीची तासून घ्या. पळायची वाट मागं तिरपी, आधीच साफ करून ठेवलेली.

झाडावर चढून चेनसॉ चालवायचा विचार तूर्त सोडा. चढायचं असेल तर हातआरी, आणि पूर्ण अंगाचा हार्नेस. कमरेला नायलॉनचा दोर गुंडाळून चढणारे खूप पाहिलेत. घसरला तर तो दोर फासळ्यांत रुततो. शिडीवर उभं राहून मशीन तर अजिबात नाही. आणि विजेच्या तारेजवळची फांदी वीज कंपनीला कळवून, लाइन बंद केल्याशिवाय नाही, ओळखीचा लाइनमन "काढ रे बिनधास्त" म्हणाला तरी नाही.

कानसवाला
दोरीवाले भाऊंनी निम्मं काम केलं माझं. राहिलेलं लिहितो, ते धुऱ्यावरच्या झाडांचं आहे.

धुऱ्यावरच्या बाभळीत लोखंड असतं. कुणी कुंपणाला खिळे ठोकलेत, कुणी झटका मशीनची तार गुंडाळलीय, झाडानं ती गिळलीय. बाहेरून दिसत नाही, फक्त सालीवर काळा-निळा डाग दिसतो. त्या भागात मशीन घालू नका, कुऱ्हाडीनं तोडा. आणि आडव्या खोडाला काळी माती चिकटलेली असते. ती खराट्यानं, पहारीनं खरवडून काढा. चेन जमिनीला एकदा टेकली की सगळी धार गेली समजा.

तेलाचं: पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल लिटरला २० मिली, चांगलं ऑइल असेल तर. डबा हलवून मगच टाकीत. आता पंपावर इथेनॉलचं पेट्रोल येतं, ते पाणी ओढतं, म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा. चेनच्या टाकीत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल घालतात सगळे. त्यात लोखंडाचा बारीक चुरा असतो, ऑइल पंप बसतो, आणि ते तेल दिवसभर तुमच्या हातावर आणि तोंडावर उडत असतं.

झाडीतला_म्हातारा
आमच्या सोसायटीत हेल्मेट नव्हते जी. डोक्याले फडकं. किती गेले ते रजिस्टरात नाहीत. पोट्ट्याले सांगा, ऊन लागलं तर सावलीत बसता येते.

सागरगोटा
सगळ्यांचे मनापासून आभार. चौघं बसून यादी केली. दोन हेल्मेट, दोन गार्ड, तीन चेनी, गोल कानशी आणि एक चपटी, प्लास्टिकच्या दोन पाचरी, हातआरी, नव्वद फूट दोर. मशीन ४५ सीसीचं, दुकानात पंजा ढकलून चेन थांबते का ते बघूनच घेणार. हार्नेस यंदा नाही, म्हणून चढायची कामंही यंदा नाहीत. कुऱ्हाडी घरच्याच आहेत, दांडे मात्र बाभळीचे आहेत. काका, धावड्याचा दांडा कुठं मिळेल?

झाडीतला_म्हातारा
बाभळीचाही वाईट नाही, सुका असला पाहिजे. धावडा पाहिजे असेल तर वनखात्याच्या डेपोत पावती करून घ्या. जंगलातून आणू नका, वरच्या पोरीनं कायदा सांगितला आहे.

वर्धेचा_पोट्टा
आत्ताच मामेभावाले फोन केला. त्याच्या मशीनचा पंजा पहिल्याच महिन्यात तुटला होता. त्यानं तार बांधून मांगं खेचून ठेवला आहे, मधात येते म्हणून. नुसता पंजा मिळते का कानसवाले दादा?

कानसवाला
त्या मशिनांत ब्रेक क्लचच्या झाकणातच बसवलेला असतो, आख्खं झाकणच बदलावं लागेल. फार महाग नाही. इंजिनावरच्या नावाच्या पट्टीचा आणि झाकणाचा आतल्या बाजूनं फोटो टाका, बोल्टांमधलं अंतर मोजून लिहा. माझ्याकडं असेल तर एसटीच्या पार्सलनं वर्ध्याला पाठवतो. तोवर त्याला म्हणावं मशीन टांगून ठेव.